येमाई, शून्य नग

पीथमपूर,
रविवार, ता. ९ नोव्हेंबर

ती. मुक्ताआत्यास,

दगडूचा पाया पडून नमस्कार. चांगदेव मामांनाही सांगा. प्रांजलला आशीर्वाद लिहावा तर ती म्हणंल, तूच अजून आशीर्वाद घ्यायच्या वयाचा. तवा तिला नुसतं विचारलंय म्हणा. नर्सिंगच्या परीक्षा कवा हायत तिच्या?

मी इथं इंदूरकडं बरा हाय. थंडी पडायला लागली. आपल्याकडं मामांची शेवंती आता काढणीला आली असंल. इथं फूल दिसत न्हाई, कंपनीच्या गेटवर दोन कुंड्या हायत त्यात सिगारेटी विझवतात.

पत्र उशिरा लिहितोय. फोन करून सगळं सांगता आलं असतं, पण सकाळी फोन केला तर तुमच्या मागं कॅनचा खडखडाट, आन् संध्याकाळी केला तर दुधाच्या रांगेतल्या सगळ्या बाया कान देऊन उभ्या. मागच्या खेपेला मी नुसतं "आत्या, पोट बिघडलंय" म्हणालो तर मागून ताईबाई काकूंचा आवाज आला, "त्याला म्हणावं ओवा खा." दुसऱ्या दिवशी खुटबावहून आईचा फोन, पोट कसं हाय म्हणून. त्यापेक्षा पत्र बरं. आन् तुमचं म्हणणंच हाय की फोनवर तू नुसतं बरं हाय, बरं हाय करतोस, कागदावर खोटं बोलायला जास्त कष्ट पडतात. शाळेत लिहायचास तसं लिहू नको, बोलतोस तसं लिही, असंही तुम्हीच सांगितलं होतं. म्हणून हे असं लिहितोय. कुणाला वाचून दाखवू नका.

दिवाळीला आलो न्हाई म्हणून आई रुसली होती. तुम्ही खुटबावला जाऊन तिची समजूत काढली हे कळलं. काय सांगितलं तिला तुम्ही? आता फोनवर म्हणते, "राहू दे बाबा, काम हाय तर काम कर." एवढ्या वर्षांत आईनं माझ्या कामाला काम म्हटलेलं पैल्यांदा ऐकलं. तिचाही दोष न्हाई. रांजणगावची कंपनी सोडली, चाकणची सोडली, केडगावला स्टेशनाबाहेर वडापावच्या गाडीवर राहिलो तर तिथंही मालकाशी भांडून आलो. आजीनं नवसानं दगडोबा नाव ठेवलं, दगड एका जागी राहतो म्हणून. आप्पा म्हणायचे, "ह्यो उतारावरचा दगड निघाला."

पण इथं टिकलोय आत्या. आन् का टिकलो ते तुम्हाला नीट कधी सांगितलंच न्हाई. ह्या पत्रात ते लिहायचं ठरवलंय.

मी आलो तवा लोडिंगला होतो. गाडीतनं पेट्या उतरवायच्या, रचायच्या. एक दिवस माल आवकेच्या खिडकीवरचा टायपिंगवाला पोरगा कावीळ होऊन गावी गेला. बाहेर गाड्यांची रांग लागली, ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवायला लागले. स्टोअरचे साहेब आम्हा हमालांपुढं येऊन म्हणाले, "किसी को कम्प्यूटर आता है क्या?" सगळे खाली बघायला लागले. मी सहज खिडकीतनं आत वाकून बघितलं आन् मला घरी आल्यासारखं झालं. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, माउस न्हाई, तळाला एफ-वन, एफ-टूची ओळ. म्हटलं ह्ये तर आपल्या दूध केंद्रावरचं. तिथं लिटर तर इथं नग. तिथं सभासदाचं खातं, इथं पार्टीचं. मी म्हणालो, "आता है." साहेबांनी माझ्या डोक्यावरच्या टॉवेलाकडं बघितलं. पण हॉर्न वाजत होते, तवा जास्त बघायला त्यांना वेळ न्हवता. खुर्ची सरकवली. तिच्यावरनं मी अजून उठलेलो न्हाई.

नववीतनं उठलेल्या पोराला हे कुठनं आलं, असं इथं सगळे विचारतात. मी सांगतो, दुधातनं आलं.

तुम्ही मला शिकवायला म्हणून बसवलंच न्हवतं. आप्पांनी तुमच्याकडं गुरं राखायला धाडलं होतं, आन् मला गुरांचाही कंटाळा. संध्याकाळी केंद्रावर येऊन बसायचो. तुमचा एक हात फॅटच्या मशीनवर, एक कीबोर्डावर. एकदा म्हणालात, "मी आकडा बोलते, तू दाब. बघू कुठं चुकतोस." मी तर पैल्याच ओळीला चुकलो. रांग थांबली. मागनं कुणीतरी म्हणालं, "ए बाई, घरी म्हशी वाट बघत्यात." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "थांबा जरा, पोरगं शिकतंय. एवढ्यात दूध नासत न्हाई."

आत्या, शाळेत माझ्यापायी कुणी रांग थांबवली न्हवती. मास्तर म्हणायचे, तू बस खाली, पुढचा उभा राहा. मला आयुष्यात पैल्यांदा वाटलं की मी चुकलो तरी लोक दोन मिनिटं थांबू शकतात. ती दोन मिनिटं अजून मला पुरतायत. हे तोंडानं सांगता आलं नसतं.

आता इकडची बातमी. दिवाळीच्या आधी इथं पुण्याची एक टीम आली. आता आवकेच्या कागदाचा फोटो काढायचा, मशीन तो वाचणार, आन् आपण टाइप करतो तसं आपोआप त्या काळ्या स्क्रीनवर टाइप करणार. जुना प्रोग्राम काढायचा न्हाई म्हणे. त्यात कंपनीचा वीस वर्षांचा संसार हाय, आन् तो लिहिणारा माणूस आता सापडत न्हाई. म्हणून प्रोग्राम तोच, फक्त त्याच्यापुढं माणसाच्या जागी हे बसवायचं. ते चालताना बघून अंगावर काटा येतो. कीबोर्डाला कुणाचा हात न्हाई आन् अक्षरं आपली उमटत चाललीयत.

पण त्याला आधी शिकवावं लागतं. माणूस कुठलं बटण कवा दाबतो ते सगळं एक सॉफ्टवेअर टिपून घेतं आन् मग तसंच करतं. टीमच्या मुख्य अनुपमा मॅडम हायत. मराठी बोलतात म्हणून मला बरं वाटलं. आम्ही तिघं टायपिंगवाले. बाकी दोघांचं टिपून झालं, मग माझी पाळी. मॅडम म्हणाल्या, "मी इथं नाहीच असं समज. रोज करतोस तसंच कर."

मी रोज करतो तसंच केलं. आन् तिथंच घोटाळा झाला.

तुम्हाला येमाईचं खातं आठवतंय ना? तुम्हीच सांगितलेलं. वहीच्या काळात पानाच्या माथ्यावर 'श्री येमाई प्रसन्न' लिहून मग पैलं दूध चढवायचे. कॉम्प्युटर आला, त्याला माथाच न्हाई. चेअरमन सर्जेराव आबा म्हणाले, "आता देवीला बसवायची कुठं?" तुम्ही म्हणालात, "सभासद करून घेऊ की." आन् खातं उघडलं. रोज सकाळी पैली नोंद येमाईची, शून्य लिटर, मग बाकीचं गाव. पुढं ऑडिटरनं विचारलं, ही बाई दूध घालत न्हाई तर खातं चालू कशाला? आबा म्हणाले, "बंद करा की मग. तुमच्या हातानं करा, मी बघतो." त्यानं चष्मा पुसला आन् पुढचं पान उलटलं.

तर मीही इथं रोज सकाळी खिडकी उघडली की पैली ओळ टाकायचो. येमाई, शून्य नग, एफ-टू दाबलं की नोंद पक्की. चहा झाला की ती ओळ खोडून टाकायची, म्हंजी कुणाला त्रास न्हाई. त्या दिवशीही टाकली. हाताला सवयच, ध्यानात पण आलं न्हाई. आन् चहाला उठलो तवा मॅडमनी टिपायचं बंद केलं होतं. त्यामुळं मशीन येमाईला लिहायला शिकलं, खोडायला शिकलंच न्हाई. वर त्याला वाटलं, ही ओळ सगळ्याच गाड्यांना लागते.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं. दुपारपतर जी गाडी येईल तिच्या आधी येमाई, शून्य नग. एक ड्रायव्हर पावती घेऊन परत आला, म्हणतो, "भैया, मेरी गाड़ी में माताजी का भी सामान था क्या?" मग स्टोअरचे साहेब आले, हातात यादी. "ये येमाई कौन पार्टी है? माल एक नग नहीं, और हर गाड़ी के साथ हाजिर."

म्हटलं संपलं. आता परत टॉवेल डोक्याला.

मॅडमनी मला बाजूला बोलावलं. मी सगळं सांगितलं, वहीचा माथा, आबा, ऑडिटर, सगळं. ऑडिटरनं चष्मा पुसला म्हणालो तवा त्यांनीच चष्मा काढला आन् डोळ्यात पाणी येईपतर हसल्या. साहेबांना जाऊन म्हणाल्या, "ह्याची चूक नाही, मीच रोजच्यासारखं कर म्हटलं होतं." इंग्रजीत आणखी काय काय बोलल्या. साहेब मुंडी हलवत गेले. मग मला म्हणाल्या, "काढून टाकते ही ओळ. चालेल ना?" मला विचारलं त्यांनी. म्हटलं, "काढा. तिला कवठ्यात जागा हाय."

मग म्हणाल्या, "कुठलं कवठं म्हणालास?" मी सांगितलं, कवठे येमाई, तालुका शिरूर. त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी उघडून बघितलं. "बरं," म्हणाल्या. पुढं जे बोलणं झालं ते लिहीत बसलो तर पत्र लांबंल.

तर असं हाय. माझी नोकरी शाबूत हाय, उलट मॅडमनी माझं कौतुक केलं. हे सगळं तुमच्यामुळं आन् तुमच्या त्या खात्यामुळं. इथल्या देवळात जाऊन नारळ फोडला, पण खरा नारळ तुमच्या उंबऱ्यावर फोडायचा हाय.

तुमची ती निळी खुर्ची हाय का अजून, का बदलली? सर्जेराव आबा मधी कवा पुण्याला मीटिंगला गेलते का? सहज विचारलं.

ज्याच्यापायी तुम्ही रांग थांबवली, तो तुमचा
दगडू


पीथमपूर,
रविवार, ता. २३ नोव्हेंबर

ती. मुक्ताआत्यास,

साष्टांग नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. किती वेळा वाचलं ते सांगत न्हाई. तुम्ही लिहिलंय, "दगड्या, खुर्ची तीच हाय. आबा पुण्याला गेले होते. ह्या दोन्हीशी तुला काय करायचंय? दर पत्रात माझ्या गुडघ्याचं विचारतोस, ह्या खेपेला विसरलास. म्हंजी मनात दुसरं काहीतरी धरून बसलायस. ते लिही."

गुडघा कसा हाय? आता विचारतोय म्हणून रागवू नका.

लिहितो. मॅडमच्या लॅपटॉपमधी एक यादी होती. शिरूर आन् दौंड तालुक्यातल्या दूध संस्था, ज्यांच्याकडं अजून काळ्या स्क्रीनचा जुना प्रोग्राम हाय. त्यात आपलं केंद्र हाय. पुण्याची मीटिंग त्याचीच होती. इथं बसवलं तसंच तिथं बसवायचंय. फॅटच्या मशीनचा आन् काट्याचा आकडा सरळ आत जाणार, टायपिंग आपोआप होणार, पावती सभासदाच्या मोबाइलवर.

सुरुवात कवठ्यापासनं करायचं ठरलंय. सोमवारी, एक तारखेला.

आन् टीमबरोबर मी येणार हाय. मॅडम म्हणाल्या, "तुला तो प्रोग्राम येतो, गावची भाषा येते, आमच्या पोरांना यातलं काहीच येत नाही. येतोस का आमच्याकडे? पक्की नोकरी." मी तिथल्या तिथं व्हय म्हणालो. विचार केला न्हाई. गावोगाव फिरायचं काम, लॅपटॉप, गळ्यात कार्ड. मला वाटलं आता आप्पांना सांगता येईल की उतार संपला. पळत खोलीवर आलो, शर्ट धुऊन टाकला. शर्ट पिळताना ध्यानात आलं की टीम जाऊन ज्या खुर्चीपुढं बसणार, ती निळी हाय.

तुम्हाला त्या खुर्चीचं मी काय सांगू? कॉम्प्युटर आला तवा गावातल्या एकाही बाप्यानं त्याला हात लावला न्हाई, बिघडला तर भरून द्यावा लागंल म्हणून. तुम्ही एसटीनं शिरूरला जाऊन क्लास केला. मामांच्या आई म्हणायच्या, सुनेला मशीन लागलं. आन् मग त्याच बाप्यांच्या रांगा तुमच्यापुढं लागल्या. प्रांजलची फी त्या खुर्चीतनं जाते, हे मला ठाऊक हाय. म्हणून लिहायला हात उचलत न्हवता.

मागच्या पत्रात मी तुम्हाला आमच्या तिघांपैकी दोघांचं काय झालं ते सांगितलं न्हाई. एक आता गेटवर शिट्टी घेऊन उभा असतो. दुसऱ्याला ठेकेदारानं परत पाठवलं, तो बिहारला गेला. दोघांनी टिपून देताना एक अक्षर विचारलं न्हाई की पुढं आमचं काय. मीही न्हाई. टिपून घ्यायच्या आधी आमच्यापुढं चहा यायचा, बिस्किटं यायची, साहेब खांद्यावर हात ठेवायचे. मशीन शिकलं आन् दुसऱ्या दिवसापासनं आमचा चहा बाहेरच्या टपरीवर. मी वाचलो तो हुशारीनं न्हाई. येमाईच्या ओळीचा घोळ झाला, म्हणून मॅडमची न् माझी ओळख झाली. नसता झाला तर मीही गेटवरच असतो.

आणखी एक झालं. मशीन सगळं करतं, पण काही कागद त्याला वाचता येत न्हाईत, काही आकडे जुळत न्हाईत. ते ते बाजूला काढून ठेवतं. रोज त्याचा ढीग पडतो आन् तो कुणीतरी माणसानंच निपटावा लागतो. ती नवी जागा निघाली. चांगली जागा हाय, बसून काम. ती इंदूरच्या एका शिकलेल्या पोराला दिली. पोरगा चांगला हाय, शिकतोय. पण आमच्यापैकी कुणाला का न्हाई दिली, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तुम लोगों ने माँगी कब?"

खरंच, आम्ही मागितलीच न्हवती.

मग मी मॅडमकडं गेलो. म्हणालो, "मॅडम, कवठ्याचं काम झालं की तिथल्या बाईचं काय?"

"कुठली बाई?"

"ऑपरेटर. माझी आत्या हाय ती. तिनंच मला शिकवलं."

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "हे आधी का नाही बोललास?"

"व्हय म्हणायची घाई झाली मला."

"हे बघ दगडोबा, माणसाचं काय करायचं ते माझ्या हातात नसतं. ते संस्था ठरवते. मी तुला खोटा शब्द देणार नाही."

"मग संस्था कवा ठरवते?"

त्या म्हणाल्या, "बहुतेक ठिकाणी, आमचं काम झाल्यावर."

एवढंच बोलल्या. पण आत्या, त्या एवढ्यातच सगळं आलं. म्हणून आता जे लिहितोय ते नीट वाचा, मामांनाही वाचायला द्या.

तुम्ही मशीनला शिकवेपतर त्यांना तुमची गरज हाय. शिकवून झाल्यावर न्हाई. जे काय मागायचं ते त्याच्या आधी मागा.

शनिवारी संस्थेची मासिक सभा असते ना? पत्र स्पीडपोस्टानं टाकतोय, गुरुवार-शुक्रवारपतर मिळावं. सभेला जा. एकट्या जाऊ नका, ताईबाई काकूंना घ्या, रांगेतल्या बाया घ्या. बाजूला पडलेल्या नोंदी निपटायची जागा कवठ्यातही निघणार हाय, ती मला द्या, असं म्हणा. आपल्याकडं तर असल्या नोंदी इथल्यापेक्षा जास्त पडतील. पोरगं चुलत्याचं दूध बापाच्या खात्यावर घालून जातं, सासू-सुनेचं भांडण झालं की एका घराच्या दोन किटल्या येतात. ते मशीनला कोण सांगणार?

आबा वाईट माणूस न्हाई. ते म्हणतील, "मुक्ते, तू असताना दुसरं कोण? काळजी करू नको." आन् ते मनापासनं म्हणतील. पण तेवढ्यावर घरी येऊ नका. ठराव घ्या. सूचक, अनुमोदक, सगळ्यांच्या सह्या. पुढल्या वर्षी आबा चेअरमन असतील-नसतील, ठराव दप्तरी राहील. संस्थेत तोंडाचं काही टिकत न्हाई, हे तुम्हीच मामांना सांगत असता.

तुम्ही शिकवायला न्हाई म्हणालात तर काम थांबंल असं समजू नका. मी तुम्हाला फसवणार न्हाई. ते दुसऱ्या केंद्रावर टिपून घेतील आन् तेच आपल्याकडं आणून बसवतील. फक्त उशीर लागंल, खर्च वाढंल. म्हंजी तुमच्या हातात थोडा वेळ हाय, जास्त न्हाई. त्या वेळात ठराव झाला पायजे.

आन् हेही खरं लिहितो, की हे यंत्र वाईट न्हाई. पहाटेच्या थंडीत बोटं आखडतात तवा तुम्ही ती चहाच्या कपाला लावून परत टाइप करता, ते मी बघितलंय. ते बंद होईल. फॅटवरनं कुणी भांडायला आलं तर आकडा त्याच्याच मोबाइलवर दिसंल. तुमच्या हातचं टायपिंग गेलं तर मला दुःख न्हाई. तुमची जागा जाऊ नये एवढंच.

मॅडमला मी सांगितलं की आत्याला सगळं कळवणार हाय, काय करायचं तेही. चोरून लिहायचं न्हवतं. त्या म्हणाल्या, "लिही. तुझ्या जागी मी असते तर मीही लिहिलं असतं. पण पत्र मला दाखवू नकोस." भली बाई हाय. पण तिच्या वरती साहेब लोक हायत, त्यांना हे कळलं तर गळ्यातलं कार्ड गळ्यात पडायच्या आधीच काढून घेतील. घेऊ द्यात. लोडिंग मला येतं.

तुमच्याकडनं मी जे घेतलं ते फेडता येण्यासारखं न्हाई, आन् फेडायला मी हे करत न्हाई. खरं सांगू का, हे पत्र लिहिताना मला पैल्यांदाच वाटतंय की मला तुमच्या कामाचं काहीतरी येतं. आजवर सगळं तुमच्याकडनं माझ्याकडं यायचं.

रविवारी इंदूरच्या गाडीनं दौंडला उतरंन. खुटबावला आईला तोंड दाखवून संध्याकाळच्या एसटीनं शिरूर, आन् तिथनं रात्री जेवायला तुमच्याकडं. सोमवारी टीमची गाडी परस्पर केंद्रावर येईल. लोकांपुढं मी तुम्हाला आत्याच म्हणणार, मॅडम म्हणणार न्हाई, मग कुणाला काय वाटायचं ते वाटो. लॅपटॉप उघडंन, वायरी लावंन, तुमच्या शेजारी बसंन. पण टिपायचं बटण तुम्ही "चालू कर" म्हणेपतर दाबणार न्हाई. ठराव झाला नसंल तर म्हणू नका. टीम विचारंल काय झालं, मी सांगंन, ऑपरेटर अजून तयार न्हाई. ते खोटं ठरणार न्हाई.

सभेत कुणी विचारलं की एवढं सगळं तुम्हाला सांगितलं कुणी, तर गप्प बसू नका, हे पत्र पुढं ठेवा. आबांना वाचू द्या, सचिवांना वाचू द्या, टीमच्या लोकांनी मागितलं तर त्यांनाही द्या. खालचं नाव झाकू नका. त्याचसाठी दगडू न लिहिता पूर्ण लिहितोय.

आपला,
दगडोबा रोहिदास थोरात
मु. पो. खुटबाव, ता. दौंड
शिक्षण: नववी, पुढचं मुक्ताआत्याकडं